आईला उठूच देत नाही, तरी ती पडते

परवा परत एकीचा फोन, सासूबाई दोनदा पडल्या, आता आम्ही त्यांना पलंगावरून उठूच देत नाही, बरोबर करतोय ना ताई? महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी हे विचारतंच, म्हणून आपल्या इंदूरच्याच, रामबागेतल्या एका आजींची गोष्ट सांगते (ओळख पटू नये म्हणून थोडंफार बदललंय).

आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. बाथरूममध्ये पडून डावा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, चालायला लागल्या आणि एका रात्री पलंगापाशी परत पडल्या. हाड वाचलं पण मुलगा इतका घाबरला की हुकूमच काढला, उठायचं नाही, बेल वाजवायची. खोलीत कमोडची खुर्ची आणून ठेवली. आजी तिच्यावर बसायलाच तयार नाहीत, रात्री गुपचूप उठून भिंत चाचपत जायच्या, लाइट लावला तर सून जागी होईल म्हणून अंधारातच, आणि जावंच लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद. मुलगा म्हणे, "मॅडम, नुसता हट्टीपणा आहे."

मी घरी गेले, हे फोनवर नाही कळत. आजींना एकटीला विचारलं, खुर्ची का नको? बराच वेळ पदराचं टोक चाळत बसल्या, मग हळूच म्हणाल्या, "अगं, समोर देव आहेत ना."

खुर्चीच्या बरोब्बर समोर देव्हारा! खुर्ची कुठे मावते एवढंच सगळ्यांनी पाहिलं होतं.

देव्हारा स्वयंपाकघरात गेला. म्हणजे आता आजींना रोज सकाळी पूजेसाठी तिथवर चालत जाणं आलं, आणि मला तेच हवं होतं, कारण माणसाला बसवून ठेवलं की पायातली ताकद जाते, भीती वाढते आणि मग तो जास्तच पडतो. काठी त्या डाव्या हातात धरायच्या, दुखरा पाय डावा म्हणून, खूप जण असंच करतात. फिजिओने ती उजव्या हातात दिली आणि मनगटाच्या घडीइतकी उंची करून दिली. बाथरूममध्ये टॉवेलचा रॉड धरून उठायच्या, तो काय वजन पेलणार, तिथे भिंतीत ड्रिल करून स्टीलचा दांडा बसवला, दारातलं सरकणारं पायपुसणं काढलं, पलंगापासून नाइट लॅम्प लावले. उठताना आधी पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसायचं, एकदम उभं राहिलं की बीपी उतरून चक्कर येते. झोपेची गोळी चालू होती, ती डॉक्टरांना दाखवायला लावली, आपल्या मनाने काही बंद करायचं नाही.

मुलाला समजवायला मात्र तीन बैठका लागल्या. त्याचं एकच, पडली तर जबाबदार कोण?

मागच्या महिन्यात गेले तर आजी सुनेवर करवादत होत्या, दूर्वा निवडून आणत नाही म्हणून. बोलता बोलता काठी घेऊन उठल्या, मुलगा धरायला धावला, तर त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "तू बस रे, चहा गार होतोय तुझा."