जे डिला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दर फेब्रुवारीत त्याचे चाहते का हळहळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जे डिला हा अमेरिकन हिप-हॉप प्रोड्यूसर, म्हणजे रॅपखालचं संगीत रचणारा, २००६ साली गेला. घराघरात पोचलेलं नाव नाही, पडद्यावरचा चेहरा नाही. मग दर फेब्रुवारीत जगभरचे लोक, अगदी आपल्याकडचेसुद्धा, घरचं माणूस गेल्यासारखं का लिहितात? आणि शेवटी तुम्ही हळूच विचारलंय, हे खरं असतं की देखावा?

देखावा असतोच थोडा. ‘जे डिलाने माझं आयुष्य बदललं’ असं छापलेला टी-शर्ट बराच खपला, आणि तो घालणाऱ्या प्रत्येकाचं आयुष्य बदललं असेल असं मला वाटत नाही. पण माझ्यापुरतं सांगू शकतो. मी साउंड एडिटर आहे. मालिका आणि जाहिराती यांच्या आवाजाचं काम करतो. माझा हात तरी या माणसाने बदलला, आयुष्याचं बघू.

२००९ साली पुण्यात होस्टेलवर असताना एकाच्या हार्ड डिस्कवरून मी एक फोल्डर उचललं. आत फायलींना नावं नव्हती, नुसतं ‘ट्रॅक ०१’ ते ‘ट्रॅक ३१’. बहुतेक तुकडे मिनिट-दीड मिनिटाचे. गाणी म्हणावीत तर त्यात सलग शब्द नाहीत. कुठल्या तरी जुन्या सोल रेकॉर्डमधला अर्धाच हुंकार, मध्येच कर्कश सायरन, आणि खाली एक ठेका, जो आता पडतोय असं वाटता वाटता सावरतो. दोन आठवडे मी झोपताना तेच लावत होतो. एकतिसावा संपून पुन्हा पहिला कधी सुरू झाला ते कळायचंच नाही. मला वाटायचं, आपल्या प्लेअरमध्येच काहीतरी घोळ आहे.

तो अल्बम होता ‘डोनट्स’. त्यातल्या पहिल्याच तुकड्याचं नाव ‘आउट्रो’ आणि शेवटच्याचं ‘वेलकम टू द शो’. शेवट मुद्दाम सुरुवातीला आणून जोडलाय, गोल. हे मला हार्ड डिस्कवाल्या मित्राने मेसमध्ये सांगितलं, आणि पोळीचा तुकडा मोडत त्याच सुरात म्हणाला, “तो गेला ना रे, तीन वर्षं झाली. अल्बम आला आणि तीन दिवसांत गेला.”

तारखा खरंच अशा आहेत. जन्म ७ फेब्रुवारी १९७४, डेट्रॉइट. ७ फेब्रुवारी २००६ ला बत्तिसावा वाढदिवस आणि त्याच दिवशी ‘डोनट्स’ बाजारात. १० फेब्रुवारीला लॉस एंजेलिसमध्ये राहत्या घरी मृत्यू.

आमची आजी म्हणायची, लांबच्या माणसाच्या मरणाची बातमी वर्ष उलटून कळली तर सुतक नसतं, नुसती अंघोळ करायची. मला त्या दिवशी काय करायचं तेच कळेना. ज्याच्या ठेक्यावर रोज झोपत होतो तो माणूस मला भेटायच्या आधीच गेलेला होता. माझ्या ओळखीतल्या बहुतेक चाहत्यांचं असंच झालंय. त्यामुळे तुम्ही म्हणता ते ‘इतकी वर्षं झाली तरी’ हे गणित इथे नीट लागू पडत नाही. कुणाला ती बातमी गेल्याच वर्षी कळलेली असते.

आता तो होता कोण, हे भराभर सांगतो, कारण ही माहिती कुठेही मिळेल. खरं नाव जेम्स यान्सी. डेट्रॉइटच्या कोनंट गार्डन्स वस्तीतला. अ‍ॅम्प फिडलर नावाच्या शेजारच्या एका कीबोर्डवादकाने त्याला एमपीसी हे यंत्र दाखवलं. शाळेतल्या दोस्तांबरोबर ‘स्लम व्हिलेज’ हा गट काढला, त्यात तो स्वतः रॅपही करायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर फारसाइड आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटांसाठी बीट्स, म्हणजे गाण्याखालचे ठेके, केल्या. पुढे रॅपर कॉमन, गायिका एरिका बडू, ड्रमर क्वेस्टलव्ह आणि गायक डी’अँजेलो ही मंडळी त्याच्याभोवती जमली. कॉमनचं २००० सालचं ‘द लाइट’ हे गाणं त्याचंच. आधी तो ‘जे डी’ नाव लावायचा, पण जर्मेन डुप्री नावाच्या दुसऱ्या प्रोड्यूसरलाही लोक जेडीच म्हणत, म्हणून ‘जे डिला’ झाला. एवढं पुरे.

खरी गोष्ट ठेक्याची आहे, आणि ती नीट सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर होणार नाही.

एमपीसी म्हणजे साधारण जाडजूड रजिस्टरच्या आकाराचा डबा, वर सोळा रबरी पॅड. रॉजर लिनने आराखडा केला, अकाई कंपनीने बनवला. जुन्या रेकॉर्डमधला एखादा आवाज कापून एका पॅडवर ठेवायचा, ड्रमचा दुसऱ्यावर, आणि बोटांनी वाजवायचं. तुमची बोटं मागे-पुढे पडली तर यंत्र ती चूक दुरुस्त करतं, प्रत्येक ठोका ओढून जवळच्या खणात बसवतं. याला क्वांटाइझ म्हणतात. डिलाने क्वांटाइझ बंद केलं आणि क्रांती झाली, अशी एक सोपी कहाणी सगळीकडे फिरते. ती अर्धीच खरी. नुसतं बंद करून वाजवलं तर ते फक्त गचाळ लागतं, मी करून पाहिलंय. तो हाय-हॅट (झांजांची जोडी) सरळ ठेवायचा, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) केसभर आधी आणायचा, आणि किक (पायाने वाजवायचा जाड आवाजाचा ड्रम) मात्र तिला हवं तिथे पडू द्यायचा. एकाच ठेक्यात दोन-तीन घड्याळं, प्रत्येकाची वेळ थोडी वेगळी, आणि तरी गाडी रुळावर. क्वेस्टलव्ह स्वतः इतका पक्का ड्रमर. त्याने मुलाखतींत सांगितलंय की पहिल्यांदा ती किक ऐकली तेव्हा त्याला वाटलं एखादं प्यालेलं पोर वाजवतंय. त्यानंतर हा माणूस वर्षानुवर्षं तसंच वाजवायला शिकत बसला.

मला हे कळलं ते आमच्या मामामुळे. मामा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एकदा एकादशीला मी त्यांचं भजन रेकॉर्ड केलं आणि घरी आणून, आपली हुशारी दाखवायची म्हणून, पखवाजाची प्रत्येक थाप ग्रिडवर, म्हणजे संगणकावरच्या त्याच सरळ खणांत, ओढून बसवली. सगळं कसं छान, सुतासारखं सरळ. मामांना हेडफोन लावून ऐकवलं. त्यांनी एक कडवं ऐकलं, हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि विचारलं, “हे कोण वाजवतंय?” मी म्हटलं तुम्हीच. तर म्हणाले, “छे. मी एवढा घाईत नसतो.”

मग मी मूळ रेकॉर्डिंग उघडून बघितलं. टाळकरी अगदी सरळ चाललेले, आणि मामांच्या डाव्या हाताची थाप जवळजवळ दर वेळी टाळाच्या मागे, किंचित. चूक म्हणावी तर प्रत्येक आवर्तनात तेवढीच. त्या रात्री ‘डोनट्स’ पुन्हा लावला आणि पहिल्यांदा नीट ऐकू आलं. डेट्रॉइटचा हा पोरगा यंत्राला तेच करायला लावत होता जे मामांचा हात आपोआप करतो. (डिलाने वारकरी भजन ऐकलं होतं असं मी अजिबात म्हणत नाही. असले शोध लावणारे लोक माझ्या डोक्यात जातात.)

तर लोक कुणासाठी हळहळतात? एका हातासाठी. गायकाचा आवाज आपण ओळखतो, त्याच्या जाण्याचं दुःख लगेच कळतं. प्रोड्यूसरचा आवाज नसतो, चेहरा तर बहुतेकांना माहीत नसतो. पण डिलाची किक कधी पडणार हे त्याच्या चाहत्याला जितकं अंगात माहीत असतं तितकं आपल्या शेजाऱ्याबद्दलही माहीत नसतं. ठेका कुणीही उतरवून घेतो, आज संगणकात तसा ठेका पाडणारे प्लग-इनसुद्धा मिळतात. त्याने पुढची किक कुठे टाकली असती, ते मात्र कुणाला सांगता येत नाही.

आजाराचं सांगायला हवं. २००२ च्या सुमारास त्याला टीटीपी हा रक्ताचा दुर्मिळ आजार निघाला. यात लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि प्लेटलेट कमी होत जातात. जोडीला ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार. आई मॉरीन यान्सी, जिला सगळे मा ड्यूक्स म्हणतात, डेट्रॉइट सोडून त्याच्या सेवेला लॉस एंजेलिसला जाऊन राहिली. ती दवाखान्यात रेकॉर्डची पेटी घेऊन जायची, त्यातल्या मोजक्याच तो ठेवून घ्यायचा. हात सुजायचे, बोटं वळायची नाहीत, तेव्हा आई ती चोळून द्यायची, म्हणजे त्याला पुन्हा काम करता यावं. २००५ च्या शेवटी व्हीलचेअरवर बसून तो युरोपच्या दौऱ्यावर गेला, तेव्हाही ती सोबत होती.

यातूनच ती दंतकथा तयार झाली की अख्खा ‘डोनट्स’ त्याने मरणशय्येवर केला आणि तो त्याचा निरोप आहे. डॅन चार्नास या चरित्रकाराने २०२२ साली आलेल्या पुस्तकात हे उलगडलंय. बराचसा माल आधीच घरी तयार होता, रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने तो वाढवून अल्बमच्या आकाराला आणला, दवाखान्यात झालं ते थोडं आणि उशिरा. मला हे वाचून बरं वाटलं. काही चाहत्यांना राग आला. त्यांना मरणाऱ्या माणसाचा संदेश हवा होता आणि हातात पडला काम करणारा माणूस.

आपल्याकडे स्मिता पाटीलचं असंच होतं. ३१ व्या वर्षी गेली, १९८६ च्या डिसेंबरात. नंतरही तिचे सिनेमे येत राहिले, आणि आजही तिच्या जुन्या एखाद्या दृश्यात लोक पुढचं मरण शोधत बसतात. डोळ्यांत दिसायचं म्हणे. काही दिसायचं नाही, ती काम करत होती.

फेब्रुवारीबद्दल एक विचित्र गोष्ट. जपानी प्रोड्यूसर नुजाबेस, खरं नाव जुन सेबा, याचाही जन्म ७ फेब्रुवारी १९७४. तोच दिवस, तेच साल. दोघांनीही जुन्या जॅझ-सोल रेकॉर्ड कापून संगीत केलं, पृथ्वीच्या दोन टोकांना बसून. नुजाबेस २६ फेब्रुवारी २०१० ला टोकियोत रस्त्यावरच्या अपघातात गेला, ३६ व्या वर्षी. बाहेर बातमी आली ती मार्चमध्ये. त्यामुळे या मंडळींसाठी फेब्रुवारी म्हणजे पितृपंधरवडाच. फक्त जेवण नाही.

जवळच्यांनी शोक कसा केला तेही बघा. डिलाचा प्रोड्यूसर दोस्त मॅडलिब, ज्याच्याबरोबर त्याने २००३ साली ‘जेलिब’ नावाने अल्बम केला होता, त्याने २००७ मध्ये जुन्या हिंदी सिनेमांच्या रेकॉर्ड कापून ‘बीट कंडक्टा’ या मालिकेत ‘इन इंडिया’ हा अख्खा अल्बम केला (तुमच्या वडिलांना ऐकवा, दर दोन मिनिटांनी ‘अरे हे तर’ म्हणतील), आणि त्याच मालिकेचे पुढचे दोन भाग डिलाच्या आठवणीत काढले. ड्रमर कॅरीम रिगिन्सने डिलाचा अर्धवट राहिलेला ‘द शायनिंग’ हा अल्बम पुरा केला, तो २००६ च्याच ऑगस्टमध्ये आला. आई मात्र मागे राहिलेली बिलं आणि मिळकतीचे कज्जे निस्तरत बसली. तो टी-शर्ट, ज्याला मी वर नावं ठेवली, तोही मदतनिधीच्या कार्यक्रमांत विकला गेलाय. तेवढ्यापुरते माझे शब्द मागे. आज त्याचा एमपीसी वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे आहे, आईनेच दिला.

ऐकायचंच असेल तर अल्बम पहिल्यापासून लावू नका, गोंधळून जाल. आधी अठरावा तुकडा लावा, ‘डोन्ट क्राय’. हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर नको. पहिलं पाऊण मिनिट तो काहीच करत नाही, द एस्कॉर्ट्स या जुन्या गटाचं गाणं जवळपास जसंच्या तसं वाजू देतो. तुला रडताना बघवत नाही, असं काहीसं ते गातायत. मग तेच गाणं तो बारीक चिरून पुन्हा मांडतो, आणि चिरलेल्या तुकड्यांखाली ती किक येते. उजव्या हाताने मांडीवर ताल धरून बघा. कुठे चुकता ते मला खाली कळवा, मी अजून त्याच जागी चुकतो.