शवपेटी मागाहून आली

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. सिम्बॉलिस्ट चित्रांनी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात काढलेल्या, उघड न सांगता सुचवणाऱ्या त्या गूढ चित्रांनी तुला झपाटलंय हे वाचून खूप बरं वाटलं, पण प्रत्येक चित्राचा खरा अर्थ कुठल्या पुस्तकात मिळेल असं विचारलंस ना, तिथे तुला जरा थांबवते.

बोक्लिन या स्विस चित्रकाराचं 'मृतांचं बेट' घे. काळंशार पाणी, छोटीशी होडी, तिच्यात पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली कुणीतरी आपल्याकडे पाठ करून उभी, पुढ्यात शवपेटी, समोर उंच खडक आणि मधोमध सायप्रसची गर्दी, तिकडे कबरस्तानात लावतात ती झाडं. आता ऐक, 1880 मध्ये हे अर्धवट असताना मारी बेर्ना नावाची बाई त्याच्या फ्लॉरेन्सच्या स्टुडिओत आली, तिचा नवरा गेला होता, तिने त्याच्या आठवणीसाठी तसंच एक चित्र मागितलं आणि ती आकृती नि शवपेटी तिच्यामुळे आली, मग बोक्लिनने पहिल्या चित्रातही ती घातली. आणि नाव? ते तर नंतर गुर्लिट नावाच्या आर्ट डीलरने दिलं!

म्हणजे ज्यावरून आपण अर्थ लावत बसतो ते सगळं मागाहून आलं. बोक्लिनला हवी होती शांतता, दारावर नुसती टकटक झाली तरी दचकायला व्हावं इतकी. 1886 पर्यंत त्याने हे बेट पाच वेळा रंगवलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मोरेआस या कवीने 'ल फिगारो' या वर्तमानपत्रात सिम्बॉलिझमचा जाहीरनामा छापला, त्यात तर सरळ लिहिलंय की सिम्बॉलिस्ट कविता शिकवण देण्याच्या विरोधात आहे.

तुझ्या वयात मी वही केली होती, हंस म्हणजे हे, लिली म्हणजे ते. वही भरत गेली तसं माझं चित्र बघणंच कमी झालं, समोर हंस आला की मान बघायच्या आधी वही आठवायची. ते तुझं होऊ नये असं मनापासून वाटतं.

तेव्हा या आठवड्यात फक्त रदाँ या फ्रेंच चित्रकाराचं 1882 चं ते चित्र घे, ज्यात आकाशात चढणारा फुगा म्हणजे एक मोठा डोळा आहे, खालच्या टोपलीच्या जागी थाळी आहे आणि तिच्यावर डोकं. मोबाईलवर नको, मोठी प्रिंट काढ, आणि कोळशाने कॉपी कर, तो स्वतः कितीतरी वर्षं मुख्यतः कोळशात काम करायचा. काळा कुठे दाट आहे, डोळा नक्की कुठे बघतोय, खालचं गवत कुठल्या बाजूला, एवढंच मला लिहून पाठव.