मसल्स बनवायला प्रोटीन पावडर घ्यावीच लागते का, की घरच्या जेवणातून होतं?

भावा, तुझ्यापेक्षा बराच मोठा आहे म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. तू लिहिलंयस की वय २२, वजन ५८ किलो, पूर्ण शाकाहारी, वडोदऱ्यात पीजीत राहतोस आणि टिफिन खातोस, जिमचा ट्रेनर म्हणतो व्हे पावडर घेतल्याशिवाय बॉडी बनणार नाही, आणि आई फोनवर म्हणते डब्याच्या पावडरीने किडनी जाते, दूध-बदाम खा. वर नवरात्रात उपवासाला काय करू हे पण विचारलंयस. मी बडोद्याचाच, दांडिया बाजारातला, आणि नोकरी डेअरीच्या लॅबमध्ये, म्हणजे ज्या पावडरीवरून तुमच्याकडे भांडण चाललंय ती मी पोत्यांनी बघतो, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे व्हे हे केमिकल वगैरे काही नाही, दूधच आहे. दुधातल्या प्रोटीनचा साधारण ८०% भाग केसिन आणि २०% व्हे. चीज करताना दुधात रेनेट (दूध घट्ट करणारं एन्झाइम) घालतात, केसिनचा गोळा बसतो आणि वर हिरवट पाणी राहतं, त्या पाण्यातलं प्रोटीन बारीक जाळीच्या फिल्टरमधून वेगळं काढायचं, वाळवायचं, झाली पावडर. आता हिशोब बघ, एक लिटर दुधात सगळं मिळून ३२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, त्यातलं व्हे सहा-साडेसहा ग्रॅम. म्हणजे तुझ्या २५ ग्रॅम प्रोटीनच्या एका स्कूपमागे जवळजवळ चार लिटर दुधाचं पाणी आहे. ती महाग का, ते यावरून कळेल.

आणि हो, रील्समध्ये सांगतात ना की घरी पनीर कर आणि ते पाणी पी, फुकटचं व्हे, तसं नसतं. पनीर करताना आपण दूध उकळतो मग लिंबू पिळतो, उकळल्यामुळे व्हेचं बरंचसं प्रोटीन केसिनला चिकटून पनीरमध्येच जातं, पाण्यात राहते मुख्यतः साखर, म्हणजे लॅक्टोज, आणि क्षार. त्या पाण्यात कणीक मळ, वरणात घाल, वाया घालवू नकोस, पण ग्लासभर पिऊन स्कूप घेतल्याचं समाधान मानू नकोस.

आता खरा मुद्दा. पावडर की जेवण हा प्रश्न तू विचारतोयस पण त्याच्या आधी तुझ्या ताटात आत्ता किती प्रोटीन आहे हे तू कुठेच लिहिलं नाहीयेस, आणि मला वाटतं ट्रेनरने पण विचारलं नसेल. साध्या माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं असं आपल्याकडची शिफारस सांगते, म्हणजे तुला ४८ ग्रॅम. वजन उचलणाऱ्याला जास्त लागतं. २०१८ साली ४९ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे वाढवून सरासरी काही फायदा दिसला नव्हता. तुझ्यासाठी १.६ म्हणजे ९३ ग्रॅम, आपण ९० धरू. त्याच आढाव्यात अजून एक गोष्ट होती जी पावडरवाले सांगत नाहीत, व्यायामाच्या जोडीला सप्लिमेंट घेणाऱ्यांचा न घेणाऱ्यांपेक्षा फायदा किती, तर चरबी सोडून बाकीचं वजन सरासरी ३०० ग्रॅम जास्त. तीनशे ग्रॅम! बाकी सगळं काम वजन उचलण्याने झालेलं होतं.

बरं, टिफिनचा हिशोब करू. सकाळी चहा-पोहे किंवा चहा-थेपला, सात-आठ ग्रॅम. दुपारी चार पोळ्या, भात, भाजी आणि ती आपली गुजराती गोड डाळ, चवीला मस्त पण पाण्यासारखी पातळ, त्या वाटीत चार-पाच ग्रॅम असलं तर नशीब. दुपारचे एकूण २०-२२. संध्याकाळी सेवउसळ खात असशील (बडोद्यात राहून न खाणारा मी तरी पाहिला नाही), त्यात वाटाणा असतो म्हणून आठ-दहा ग्रॅम मिळून जातात, बरोबर तर्री आणि सेवेचं तेल पण मिळतं ते वेगळं. रात्री खिचडी-कढी, बारा-तेरा. जमवलंस तर ५० च्या आसपास येतं. म्हणजे साध्या माणसाचं भागलं, तुला ४० कमी पडतायत. हे चाळीस कुठून आणायचे एवढाच तुझा प्रश्न आहे रे, बाकी सगळा आवाज आहे.

आई म्हणते बदाम. दहा बदामात अडीच ग्रॅम. चाळीस ग्रॅमसाठी किती बदाम होतील ते तूच मांड आणि मग भाव बघ. ट्रेनर म्हणतो दोन स्कूप. होतील, ५० ग्रॅम, विषय संपला. पण मधला रस्ता स्वस्त आहे. अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम. सोया चंक्स कोरडे ३० ग्रॅम म्हणजे एक मूठ, त्यात १५, कारण कोरड्या सोयाबीनच्या वडीत निम्म्याहून थोडं जास्तच प्रोटीन असतं, किराणा दुकानात याच्याएवढं स्वस्त प्रोटीन दुसरं नाही. भाजलेले चणे ५० ग्रॅम, दहा ग्रॅम प्रोटीन, ते पण सोललेले नको, सालासकट घे. झाले ४१. यात पीजीतल्या खोलीत काही शिजवायचं असेल तर फक्त सोया, ते किटलीतल्या गरम पाण्यात भिजवून पिळून मीठ-मसाला टाकून खाता येतं. चव? सवय होते.

शिंग-चणा (म्हणजे शेंगदाणे-चणे) खाल्लं तरी चालेल म्हणतात सगळे, पण शिंगेचं गणित वेगळं आहे. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन खरं, पण निम्मं तेल आहे, साडेपाचशेच्या वर कॅलरी. पोट सुटलेल्या माणसाला मी सांगेन हात आवर, तुझं वजन ५८ आहे त्यामुळे तू खुशाल खा. खरं तर मला शंका अशी आहे की तुला प्रोटीनपेक्षा एकूण खाणंच कमी पडतंय. बारीक मुलं येतात, व्हे पितात, पोळ्या दोनच खातात, आणि मग म्हणतात पावडर डुप्लिकेट होती. अरे शरीराला जळणच पुरलं नाही तर ते हे महागडं प्रोटीनच जाळून टाकणार. आधी दोन पोळ्या वाढव, त्यावर तूप घे, दोन केळी खा, मग बोलू.

पनीर पण चांगलं, १०० ग्रॅमला १८-२० ग्रॅम, पण बाहेरच्या हॉटेलातल्या पनीरवर भरवसा ठेवून हिशोब मांडू नकोस. दूध-पावडर आणि पामतेलाचं जे ॲनालॉग, म्हणजे पनीरसारखं दिसणारं, निघालंय त्यात प्रोटीन बरंच कमी असतं आणि ग्रेव्हीत कळत पण नाही. पॅकेट घे आणि मागचं वाच. आणंद आपल्यापासून तासाभरावर, त्यामुळे अमूलचं ते प्रोटीनवालं ताक बडोद्यात बऱ्याच ठिकाणी मिळतं, २०० एमएलमध्ये १५ ग्रॅम. जिममधून येताना एक प्यायलास की काम झालं, पावडर हलवत बसायची कटकट नाही.

आता कोणीतरी खाली कमेंटमध्ये येऊन म्हणणारच की जुने पहिलवान कुठे पावडर खायचे. मी लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांबाला जायचो, हे वाक्य ऐकतच मोठा झालोय. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये तो दगड पण आहे जो गामा पहिलवानाने १९०२ साली बडोद्यात उचलला म्हणतात, १२०० किलोचा, आता एवढं वजन माणूस खरंच उचलेल का यावर मी बोलणार नाही, वाद होतात. पण गामा असो की गायकवाडांच्या पदरचे मल्ल, त्यांचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, आणि तो कुणाच्या खर्चाने, तर दरबाराच्या. रोज चार लिटर दूध प्यायलं तर १३० ग्रॅम प्रोटीन होतं, मग पावडर कशाला लागेल? पण चार लिटर दूध पचवायला दिवसभर जोर-बैठका आणि कुस्ती लागते, तू दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून संध्याकाळी तासभर जिमला जातोस. त्यामुळे पहिलवानांचं उदाहरण दोन्ही बाजूंनी देऊ नये असं माझं मत.

मग पावडर कधी घ्यायची? तर हे सगळं करून पण रोज वीस-पंचवीस ग्रॅमचा खड्डा राहतोच आहे, किंवा सोयाने पोट फुगतंय, किंवा सकाळी सातची शिफ्ट आहे आणि खायला वेळच नाही, तेव्हा एक स्कूप. शाकाहारी माणसाला ही सोय खरीच आहे, मी नाकारत नाही, कारण डाळ आणि धान्यातून ९० ग्रॅम करायला गेलास तर तेवढा भात-पोळीचा डोंगर पण पोटात जातो. प्रोटीन ज्या अमिनो ॲसिडांचं बनतं त्यातलं लायसिन गहू-तांदळात कमी, मेथिओनिन डाळीत कमी, म्हणून वरण-भात, खिचडी ही जोडी बरोबर बसते, पण व्हे एकटंच पूर्ण असतं आणि त्यात ल्युसिन हे अमिनो ॲसिड जास्त, जे स्नायू बांधायला चालना देतं. ही त्याची खरी बाजू. व्यायामानंतर अर्ध्या तासात प्यायलं नाही तर वाया गेलं, ही त्याची खोटी बाजू. दिवसभराचं एकूण महत्त्वाचं, फक्त सगळं एकाच वेळी न खाता तीन-चार वेळांत वाटून २०-२५ ग्रॅम घे.

आता डबा घेताना काय बघायचं, इथे माझी नोकरी कामाला येते. लॅबमध्ये प्रोटीन मोजायची जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत काय आहे, तर त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि ठराविक आकड्याने गुणायचं, दुधासाठी ६.३८. म्हणजे मशीनला प्रोटीन दिसतच नाही, नायट्रोजन दिसतो. मग लबाड माणूस काय करतो, ग्लायसिन, टॉरिन असली स्वस्त अमिनो ॲसिडं त्यात मिसळतो, नायट्रोजन वाढतो, लेबलवर २५ ग्रॅम छापून येतं, तुझ्या स्नायूला निम्मंच मिळतं. २००८ मध्ये चीनमध्ये लहान मुलांच्या दुधात मेलामाइन घातलं होतं ते याच खोडीसाठी, तिथे तर मुलं दगावली. म्हणून घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन असं वेगळं लिहिलेलं दिसलं तर ठेवून दे. दुसरं, प्रोटीनचे ग्रॅम भागिले स्कूपचं वजन कर, ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ म्हणजे ८०%, ठीक. ३४ मध्ये १८ असेल तर तू कोको पावडर आणि साखरेचे पैसे देतोयस. एफएसएसएआयचा नंबर, बॅच, तारीख बघ, आणि जिमच्या काउंटरवरून मोकळी किंवा सील तुटलेली पावडर घेऊच नकोस. २०२४ मध्ये आपल्याकडच्या डॉक्टरांनी बाजारातल्या ३६ पावडरी तपासल्या होत्या, जवळजवळ ७० टक्क्यांच्या लेबलवरचा आकडा चुकीचा निघाला आणि काहींत बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन पण सापडलं. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात पण प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच सांगितलंय, तर आईची भीती अगदीच हवेतली नाही, फक्त तिचा रोख चुकतोय. भीती व्हेची नाही, डब्यात व्हे सोडून अजून काय आहे त्याची आहे.

मास गेनर (वजन वाढवायची पावडर) मात्र घेऊ नकोस, ट्रेनरने कितीही सांगितलं तरी. त्यात बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे महागडी स्टार्चची पावडर. केळी-दूध-गूळ-शेंगदाणे मिक्सरला फिरव, तेच आहे. आणि पावडरीच्या पुढे जाऊन कोणी "छोटं इंजेक्शन" (म्हणजे स्टिरॉइड) सुचवलं तर ती जिमच सोड, यावर चर्चा नाही.

किडनीचं आईला असं सांग, किडनी चांगली असेल तर एवढ्या प्रोटीनने ती जात नाही. पण आधीच दुखणं असेल, बीपी-शुगर असेल किंवा घरात किडनीचा आजार असेल तर आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून डॉक्टरांना दाखव. तपासणी पाचशेच्या आत होते, डब्याच्या मानाने काहीच नाही. क्रिएटिन (जिमवाल्यांचं दुसरं सप्लिमेंट) घेत असशील तर ते पण डॉक्टरांना सांग, रिपोर्टात आकडा थोडा वर दिसतो आणि घरात उगाच रडारड होते. व्हेने पोट गुडगुडलं तर ते लॅक्टोजचं, आयसोलेट (लॅक्टोज बरंचसं काढलेलं व्हे) घेऊन बघ, किंवा ताक-दह्यावर ये.

राहिलं नवरात्र. नऊ रात्री गरबा खेळणार असशील तर त्या दिवसांत पायांचा व्यायाम वेगळा करूच नकोस, तो होतोच. खाण्यात साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, प्रोटीन जवळजवळ शून्य, त्यात शेंगदाण्याचं कूट असतं तेवढंच काय ते. राजगिरा घे, १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम निघतं, त्याची भाकरी किंवा लाडू, बरोबर दही, दूध, पनीर, मोरैयाची (भगरीची) खिचडी कढीबरोबर. यात ६०-७० सहज होतात आणि नऊ दिवस तेवढ्यावर काढले तर कमावलेलं काही गळून पडत नाही. व्हे उपवासाला चालतं का, तर दुधाचंच असल्यामुळे बिनफ्लेवरचं चालायला हरकत नसावी असं मी आमच्या आजीला समजावून बघितलं, तिने डबा उलटा करून बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि पाचव्या नावाला म्हणाली, पुरे, हे नाही चालत.