निवेदनाने लोकल वाढते का?

प्रश्न : आमच्याकडे दर निवडणुकीआधी ‘लोकलच्या फेऱ्या वाढवून देऊ’ असे आश्वासन मिळते. रेल्वेमंत्र्यांना निवेदन देतानाची छायाचित्रे स्टेशनबाहेरच्या फलकांवर झळकतात. सकाळी साडेसातच्या गाडीत मात्र पाय ठेवायला जागा नसते. रेल्वे केंद्र सरकारची असताना स्थानिक आमदार-नगरसेवकांच्या हातात खरोखर काही असते का? – एक वाचक, बदलापूर

उत्तर : असते, पण फलकावर लिहिलेले असते ते सहसा नसते. ‘अमुक यांच्या प्रयत्नांना यश, नवी लोकल सुरू’ या वाक्यातील प्रयत्न बहुधा एका पत्रापुरता असतो, आणि पत्राने गाडी वाढत नाही. कल्याणच्या पुढे बदलापूरकडे मार्गिका दोनच आहेत, एक जाण्याची आणि एक येण्याची. त्यांवरूनच कर्जत-खोपोलीच्या लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्याही जातात. नवी फेरी द्यायची तर या गर्दीत वेळापत्रकाची एक फट सापडावी लागते, मोकळा रेक (म्हणजे डब्यांची पूर्ण गाडी) लागतो आणि मुंबईच्या टोकाला त्या मिनिटाला रिकामा फलाट लागतो. यांपैकी एक जरी गोष्ट नसली, तरी मंत्र्यांची इच्छा असूनही गाडी सुटत नाही. म्हणून तुमच्या भागाचे खरे दुखणे फेरीचे नसून मार्गिकेचे आहे. कल्याण-बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेला 2019 मध्ये ‘एमयूटीपी-3 अ’ (मुंबई अर्बन ट्रान्सपोर्ट प्रोजेक्ट) या उपनगरी रेल्वेच्या प्रकल्पसंचात मंजुरी मिळाली.

स्थानिक प्रतिनिधीचे काम इथे सुरू होते. मुंबईतील उपनगरी प्रकल्पांच्या खर्चात राज्य सरकारचाही मोठा वाटा असतो. प्रकल्प राबवणाऱ्या मुंबई रेल विकास कॉर्पोरेशनमध्ये रेल्वेचे 51 टक्के, तर महाराष्ट्राचे 49 टक्के भांडवल आहे. शिवाय भूसंपादन, रुळांलगतच्या कुटुंबांचे पुनर्वसन आणि उड्डाणपुलांचे जोडरस्ते या बाबी राज्य शासन आणि पालिकांच्या हातात असतात, आणि मुंबई परिसरातील रेल्वे प्रकल्प रखडण्याच्या कारणांत त्या वारंवार आढळतात. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2008 मध्ये मंजूर होऊन 18 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झाली, हे लक्षात घेतले तर पाठपुरावा कुठे हवा होता ते कळते. तेव्हा रेल्वे हा केंद्राचा विषय आहे असे सांगून हात झटकणारा आमदार निम्मेच खरे बोलत असतो.

या कामाचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण भाजपचे ज्येष्ठ नेते राम नाईक यांचे आहे. (त्यांच्या पक्षाशी तुमचे जमो वा न जमो, येथे मुद्दा कामाच्या पद्धतीचा आहे.) त्यांनी 1964 मध्ये गोरेगाव प्रवासी संघ स्थापन केला, तेव्हा ते आमदारही नव्हते. बोरिवलीतून ते विधानसभेवर गेले ते 1978 मध्ये, आणि 1989 पासून 2004 पर्यंत उत्तर मुंबईचे खासदार राहिले. म्हणजे प्रवाशांचा प्रश्न आधी आला आणि निवडणूक मागाहून आली. आजकाल हा क्रम बहुधा उलटा दिसतो. पुढे ते रेल्वे राज्यमंत्री असताना, 12 जुलै 1999 रोजी, वर उल्लेखिलेले कॉर्पोरेशन स्थापन झाले. एखादी गाडी मागण्याऐवजी, मुंबईच्या गाड्यांसाठी पैसा आणि निर्णय जिथे एकत्र येतील अशी यंत्रणा उभी करणे हे त्या पदावरून करण्याजोगे काम होते.

त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरलेल्या डहाणू लोकलची कथा मात्र अधिक बोलकी आहे. विरारपर्यंतच्या तारांमध्ये 1500 व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि त्यापलीकडे 25 हजार व्होल्टचा एसी. त्यामुळे डीसीवर चालणारी जुनी लोकल विरारच्या पुढे जाऊच शकत नव्हती. सभा-निवेदनांनी ही अडचण सुटणारी नव्हती. दोन्ही प्रवाहांवर चालणारे रेक आले, 2012 मध्ये पश्चिम रेल्वेवरील विद्युतप्रवाहाचे रूपांतर पूर्ण झाले, आणि 16 एप्रिल 2013 रोजी डहाणूपर्यंत लोकल धावली. तोपर्यंत नाईक 2004 आणि 2009 अशा दोन निवडणुका हरलेले होते. पुढे डहाणूच्या रुळांवर गर्दी लवकरच वाढली, आणि विरार-डहाणू चौपदरीकरणाचा 64 किलोमीटरचा प्रकल्प ‘एमयूटीपी-3’ या संचात घ्यावा लागला.

प्रश्न : आंदोलन केल्याशिवाय रेल्वे ऐकत नाही, असे आमचे मंडळ म्हणते. ते बरोबर आहे का? – एक वाचक, कळवा

उत्तर : ऑगस्ट 2022 चा अनुभव तुमच्या मंडळाच्या बाजूने आहे. मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या जागी आणखी 10 वातानुकूलित फेऱ्या सुरू केल्या आणि कळवा व बदलापूर येथे प्रवासी संतापले, कारण ज्यांचा पास साधा, त्यांची नेहमीची गाडीच नाहीशी झाली होती. कळवा-मुंब्र्याचे आमदार जितेंद्र आव्हाड यांनीही हा प्रश्न उचलून धरला आणि आठवडाभरातच त्या फेऱ्या मागे घेण्यात आल्या. पण यातली मर्यादाही पाहावी. वेळापत्रकातला चुकीचा निर्णय आंदोलनाने फिरवता येतो, कारण तो एका आदेशाने घेतलेला असतो आणि एका आदेशाने रद्द होतो. मार्गिका, बोगदा किंवा पूल आंदोलनाने उभे राहत नाहीत. शिवाय रुळांवर बसण्याचा फटका पुढच्या स्टेशनांवर खोळंबलेल्या आपल्यासारख्याच चाकरमान्यांना बसतो आणि ते कायद्याने गुन्हाही आहे, म्हणून त्याचे समर्थन मी करणार नाही.

प्रश्न : मग आम्ही आमच्या खासदारांकडे आणि नगरसेवकांकडे नेमके काय मागावे? – एक वाचक, दिवा

उत्तर : खासदारांकडे ‘लक्ष घाला’ असे न म्हणता, लोकसभेत लेखी उत्तर मिळेल असा प्रश्न मागा : अमुक कामासाठी किती जमीन हवी होती, किती ताब्यात आली, उरलेली कोणाकडे अडली आहे. नियम 377 खाली (सदनात एखादा विषय मांडण्याची मुभा देणारा नियम) किंवा शून्य प्रहरात केलेल्या भाषणाची चित्रफीत लवकर पसरते, पण सदनाच्या पटलावर ठेवलेले लेखी उत्तर तारीखवार हाताशी राहते आणि पुढच्या वर्षी तेच विचारता येते.

नगरसेवकांचा विषय तुमच्या गावी तर अगदी डोळ्यांसमोर होता. दिव्याचे फाटक उघडले की दोन्ही बाजूंची वाहने सुटतात आणि मागे लोकल खोळंबतात, ही तक्रार अनेक वर्षे चालली. अशा ठिकाणी उड्डाणपुलाचा रुळांवरचा भाग रेल्वे बांधते, तर दोन्ही टोकांचे रस्ते आणि त्यासाठीची जागा पालिकेने करून द्यायची असते. पालिकेच्या अंदाजपत्रकात त्या जोडरस्त्यासाठी किती तरतूद आहे आणि मागच्या वर्षीची खर्च झाली का, हे दोनच प्रश्न नगरसेवकाला विचारा.

पादचारी पुलांसाठी मात्र पत्रावर विसंबू नका. एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्टेशनच्या अरुंद जिन्यावर 29 सप्टेंबर 2017 रोजी चेंगराचेंगरीत 23 जणांचे प्राण गेले. तिथल्या पुलासाठी खासदारांची पत्रे आधीच रेल्वेकडे पोहोचलेली होती. दुर्घटनेनंतर लष्कराने उभारलेला नवा पूल 27 फेब्रुवारी 2018 रोजी, म्हणजे पाच महिन्यांत, लोकांसाठी खुला झाला. तेव्हा तुमच्या स्टेशनवरच्या पुलाचे काम मंजूर आहे असे उत्तर मिळाले, तर निविदा निघाल्याची आणि काम पूर्ण होण्याची तारीख लेखी मागा, आणि ती उलटली की तेच पत्र जोडून पुन्हा लिहा.