साखर पेशीत शिरतच नाही, तर पडद्याच्या पेशी बिघडतात कशा?

तुम्ही विचारलंय की इन्सुलिन कमी पडल्यामुळे साखर पेशीत न जाता रक्तातच राहते, तर मग डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींना तिचा त्रास का व्हावा? आणि नजर अजून स्वच्छ आहे, तर आत्ताच तपासणी कशाला? मधुमेह निघाला तेव्हा मलाही अगदी हेच प्रश्न पडले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

इन्सुलिनची गरज सगळ्याच पेशींना नसते. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी इन्सुलिन आल्याशिवाय साखरेला फारशी वाट देत नाहीत. पडद्यातल्या केशवाहिन्यांना आतून अस्तर लावणाऱ्या पेशींचं तसं नाही. त्यांच्या आवरणावर ग्लूट-१ नावाचं प्रथिन असतं आणि ते इन्सुलिनसाठी थांबत नाही. शिवाय रक्तातली साखर वाढली की आत घेणं आवरतं घ्यायचं, हे इतर बऱ्याच पेशींना जमतं, यांना जमत नाही. त्यामुळे रक्तात साखर 300 झाली की यांच्या आतही ती तशीच चढते.

आत गेलेली जास्तीची साखर अनेक वाटांनी त्रास देते. एक वाट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जास्तीच्या साखरेचं सॉर्बिटॉल (साखरेपासूनच बनणारा दुसरा पदार्थ) करताना पेशी एनएडीपीएच नावाचा साठा खर्च करते. नेमका हाच साठा ग्लुटाथायोन ताजं ठेवायला लागतो, आणि ग्लुटाथायोन म्हणजे ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून पेशीला वाचवणारं द्रव्य. इकडे मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, जास्त साखर जाळताना तो मारा वाढवत असतात. म्हणजे मारा वाढतो तेव्हाच बचाव कमी पडतो.

दुसरी वाट म्हणजे साखर प्रथिनांना चिकटणं. एचबीएवनसीच्या तपासणीत आपण हेच मोजतो, फक्त तिथे ती हिमोग्लोबिनला चिकटलेली असते. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवसांत बदलतात, त्यामुळे साखर आटोक्यात आली की तो आकडा उतरतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतली प्रथिनं मात्र फार सावकाश बदलतात. आकडा सुधारला तरी जुना परिणाम भिंतीत बराच काळ राहतो, तो यामुळेही.

या सगळ्यात लवकर बळी पडतात त्या पेरिसाइट पेशी. त्या केशवाहिनीला बाहेरून बिलगून तिला आधार देतात. पडद्यात त्यांची दाटी शरीरात इतर ठिकाणांपेक्षा खूप जास्त, अस्तराच्या जवळपास प्रत्येक पेशीमागे एक. त्या मेल्या की भिंत जागोजागी फुगते. माझ्या पडद्याचा फोटो डॉक्टरांनी स्क्रीनवर मोठा करून दाखवला, तेव्हा नारिंगी पार्श्वभूमीवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके होते, डाव्या डोळ्यात चार. तेच ते फुगे. त्याच दिवशी मी तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचली होती! बारीक वाचायचं काम मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, करतो आणि माझे ठिपके त्याच्यापासून लांब होते. तुमच्या स्वच्छ नजरेबद्दल म्हणूनच मला काळजी वाटते.

पुढे अशा भिंतीतून द्रव झिरपून मॅक्युलाला सूज येऊ शकते. काही केशवाहिन्या बंद पडतात, उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्यांसाठी व्हीईजीएफ हा संदेश सोडतो, आणि नव्या येतात त्या इतक्या नाजूक की डोळ्यात रक्तस्राव होतो. मज्जापेशींवरही परिणाम होतो, काही वेळा तर ठिपके दिसण्याआधीच.

साखर आटोक्यात ठेवण्याचा उपयोग नक्की होतो. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी अभ्यासात टाइप 1 च्या ज्या रुग्णांचे पडदे सुरुवातीला निरोगी होते, त्यांच्यात काटेकोर नियंत्रणामुळे रेटिनोपॅथी, म्हणजे पडद्याचा हा आजार, सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. मात्र खूप दिवस चढलेली साखर झपाट्याने उतरवली तर आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. तुम्ही नवीन औषध सुरू करणार आहात, म्हणून आधी डोळे दाखवा आणि औषध कोणत्या वेगाने वाढवायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. औषध मनाने थांबवू नका.

टाइप 2 मध्ये निदान झाल्याबरोबर पडदा तपासायचा असतो, कारण साखर त्याआधी कित्येक वर्षं वाढलेली असू शकते. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंब घालून बाहुली मोठी करून बघायला सांगा, फोटो काढला तर त्याची प्रत जपून ठेवा, आणि मॅक्युलाला सूज आहे का हे स्पष्ट विचारा. थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं, तेव्हा येताना गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला सांगा.