इंग्रजी वाक्यात क्रियापद नेमकं कोणतं, हे कसं ओळखायचं?

तुमची मुलगी रत्नागिरीत मराठी माध्यमात आठवीला आहे आणि शब्दांच्या जातींत गोंधळते, असं तुम्ही लिहिलंय. तिला याद्या पाठ करायला लावू नका. इंग्रजीत जागा बदलली की शब्दाची जातही बदलते.

'दे ड्राय फिश ऑन द बीच' हे वाक्य घ्या. हर्णैला मासळी वाळत घालतात, तेच. इथे 'ड्राय' क्रियापद, 'फिश' नाम. 'ड्राय फिश सेल्स वेल' म्हटलं की तोच 'ड्राय' विशेषण होतो. आणि 'दे फिश अ‍ॅट नाइट' मध्ये चक्क 'फिश'च क्रियापद!

म्हणून वाक्य कालचं करून बघायचं. सुरुवातीला 'यस्टरडे' लावल्यावर ज्याचं रूप बदलतं, ते क्रियापद. 'ड्राय'चं 'ड्राइड' होतं. 'फिशिंग इज हार्ड वर्क' मध्ये मुलं हमखास 'फिशिंग'खाली रेघ मारतात. कालचं केलं तर 'फिशिंग वॉज हार्ड वर्क'. बदललं 'इज', म्हणजे क्रियापद तेच. 'फिशिंग' इथे नामाचं काम करतंय.

'कट', 'पुट' काल लावूनही ढिम्म हलत नाहीत. तिथे वाक्य आजचंच ठेवून कर्ता 'ही' (म्हणजे 'तो') करा, 'कट्स' होईल. 'मस्ट'सारख्या शब्दांना तेही लागू नाही, पण अशी सहायक क्रियापदं मोजकीच. तेवढी मात्र खुशाल पाठ करू द्या.

शेवटी 'ली' दिसलं की क्रियाविशेषण, हा नियम अर्धवट आहे. 'स्लोली' ठीक, पण 'फ्रेंडली' विशेषण आहे.