वॉरफेरिन आणि मेथीची जुडी

प्रश्न : आई ६८ वर्षांची. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणजे एएफ, म्हणून वॉरफेरिन (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) घेते. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, २.४ असायचा, थंडीत १.६ वर आला. गोळी चुकलेली नाही. पालेभाज्या बंद करू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बंद नका करू. थंडीत मेथी, पालक स्वस्त होतात आणि भाकरीसोबत रोजच ताटात येतात. त्यांतल्या व्हिटॅमिन केमुळे वॉरफेरिनचा जोर कमी पडतो, गुठळीचा धोका वाढतो. एएफमध्ये आयएनआर सहसा २ ते ३ लागतो. हृदयात कृत्रिम झडप असेल तर हिशोब वेगळा. पालेभाजी आठवड्यातून तीनदा, वाटीभर, बारा महिने तेवढीच ठेवा. एकदम सोडलीत तर आकडा उलटा चढेल, हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. १.६ मात्र डॉक्टरांना आजच कळवा, डोस तेच बदलतील.

गोळी राहिली तर त्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी दोन नकोत. गुडघ्यासाठी परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी तर नकोच, रक्तस्रावाचा धोका वाढतो. नाडी पूर्ण मिनिटभर मोजा, पंधरा सेकंद गुणिले चार इथे फसवतं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो, थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.